त्या दोनशे अकरांत

होरा, फोलेगांद्रोस बेट
ता. १२ ऑक्टोबर १९६६

चि. सौ. एवगेनिया हिस,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी माझा राग वाच.

तुझी वहिनी काल पळाली. होय, पळालीच. दुसरा शब्द मला सुचत नाही, आणि सुचला तरी मी लिहिणार नाही. मी सकाळी सरपण आणायला वरच्या मळ्यात गेले होते. तेवढ्यात बाईसाहेबांनी गाठोडं बांधलं, शेजारचं गाढव मागून घेतलं, बंदरावर उतरल्या आणि मंगळवारच्या जहाजात चढल्या. सातव्या महिन्यात! जहाजापर्यंत नेणारी नाव अशी वरखाली होते, वरून खलाशी दंडाला धरून ओढून घेतात, ही काय पोटुशीची चढायची रीत? आणि हे मला कुणी सांगावं? नाववाल्या मिकेसने. जो मिकेस पायाळू आला होता आणि मी त्याला ओढून जगात आणला, तो दात काढून मला सांगतो की काकू, तुमची सून गेली बाळंतपणाला पिरियसला, आता तिकडच्या डॉक्टरांना शिकवायला तुम्ही कधी निघताय?

दोनशे अकरा मुलं, एवगेनिया. सत्तेचाळीस वर्षांत या दोन हातांनी दोनशे अकरा मुलं या बेटावर आणली. गावात चाळिशीच्या आतला माणूस नाही की ज्याची नाळ मी कापली नाही. आणि माझ्याच घरची सून, माझ्याच झान्निसची बायको, माझा नातू पोटात घेऊन परक्यांच्या हातात देते! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. काल संध्याकाळी चर्चच्या अंगणात बायका बोलत होत्या, मी गेल्यावर एकदम गप्प झाल्या. मला लाज आणलीन तिने.

ती तुझ्याकडेच आली असणार, दुसरीकडे जाणार कुठे? आईबाप नाहीत तिला. पुढच्या जहाजाने तिला परत पाठव. सोबत कुणी ओळखीचं बघ आणि खालच्या डेकवर बसव, तिथे हलतं कमी. बाकीचं मी बघते. झान्निसलाही लिहिते आहे, पण त्याचं जहाज कुठल्या समुद्रात आहे देव जाणे.

तुझ्या नवऱ्याची पाठ कशी आहे? चीज पाठवणार होते, पण ते तुझी वहिनी न विचारता घेऊन गेलीच आहे, तेच खा.

आशीर्वाद आता घे.
आई


कामिनिया, पिरियस
ता. १७ ऑक्टोबर १९६६

ती. आईस,

शि. सा. न. तुझं पत्र हातात घेतलं तर पाकीटसुद्धा गरम लागत होतं.

हो, अँथी इथे आहे. चीजही आहे. चौदा तासांचा प्रवास, त्यातले बारा तास ओकत होती. हे क्रेनच्या कामावरून सुटून धक्क्यावर गेले तेव्हा ती गाठोड्यावर बसलेली, ओठ पांढरे. घरी आल्यावर पहिली गोष्ट कुठली म्हणाली असेल? की एवगेनिया, मला परत पाठवणार असशील तर आत्ताच सांग, मी दुसरीकडे जाते. आता सांग, अशा बाईला मी पुढच्या जहाजात बसवू? मी नाही बसवणार. तू चिडलीस तरी चालेल. चिडायला तुला कारण लागतं असं थोडंच आहे?

तिला इस्पितळात दाखवलं. बाळ आडवं आहे. शिवाय कमरेचं हाड अरुंद आहे, असं डॉक्टर म्हणाले. बाळ वळलं नाही तर पोट कापून काढावं लागेल. मी घाबरले, ती नाही घाबरली. ती फक्त एवढंच विचारत होती की नक्की काढाल ना, वेळेवर काढाल ना. तीनदा विचारलं. डॉक्टर वैतागले शेवटी.

आणि आई, एक मला सांग. अडीच वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल गेलं तेव्हा तू मला काय कळवलंस आठवतं? मी ते पत्र काल काढून वाचलं. मूल मेलेलंच आलं, अँथी बरी आहे, यंदा कांदा चांगला आहे. एवढंच. मी तेव्हा कांद्याचं वाचून हसले होते गं, आज मलाच माझी लाज वाटते. काय झालं होतं तेव्हा? मी तिला विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तुझं नाव काढलं की ती पोटावर हात ठेवते. मी काही आंधळी नाही.

तू स्वतः का येत नाहीस? सत्तेचाळीस वर्षं लोकांची मुलं आणलीस, पण स्वतःच्या मुलीचं घर बघायला कधी जहाजात पाय ठेवला नाहीस. इथे काही माणसं खात नाहीत.

राग आवर आणि लोभ तेवढा सोडू नकोस.
तुझी,
एवगेनिया


होरा
ता. २५ ऑक्टोबर १९६६

सौ. अँथी हिस,

आशीर्वाद. हे सरळ तुलाच लिहिते, कारण तुझी नणंद आता तुझी वकील झाली आहे.

बाळ आडवं आहे म्हणून डॉक्टरने सांगितलं म्हणे. मला विचारलं असतंस तर मी फुकट सांगितलं असतं. मी ऑगस्टमध्येच हात लावून ओळखलं होतं, म्हणूनच तुला ओझं उचलू देत नव्हते. आडवी मुलं मी वळवली आहेत, बाई. तेलाचा हात घेऊन, हळूहळू, तीन-तीन दिवस बसून. तुझा नवरासुद्धा आडवाच होता. पण नाही, तुला सुरी पाहिजे. शहरात पोट कापलं की मोठेपणा वाटतो ना!

मी तुझं काय वाईट केलं गं? अनाथ पोरगी म्हणून गावाने नाक मुरडलं तेव्हा मी तुला घरात घेतली. माझ्या लेकाने हट्ट धरला म्हणून नाही, मला तू आवडलीस म्हणून. माझ्या पेटीतली चादर तुला दिली. आणि तू माझ्या पाठीमागे गाठोडं बांधतेस? उघड सांगितलं असतंस तर काय मी तुला खुंट्याला बांधलं असतं?

मागचं उकरून काढू नकोस आणि एवगेनियालाही उकरू देऊ नकोस. ते देवाने दिलं, देवाने नेलं. असं प्रत्येक घरात होतं. त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडून तू पिरियसला मिरवणार असशील, तर मी ऐकून घेणार नाही. आणि माझा लोरेंत्सोस, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन येणारा नातू, तो पिरियसचा म्हणून नोंदला जाईल! त्याच्या आजोबांनी जन्मात एक दिवस पिरियसला काढला नाही.

अजून वेळ गेलेली नाही. वारा पडला की ये. मी बंदरावर उतरेन आणि कुणी काही बोललं तर त्याची जीभ हातात देईन.

तुझं भलं चिंतणारी,
सासू
काल्लिरोई


पिरियस
ता. ३ नोव्हेंबर १९६६

ती. सासूबाईंस,

नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होते, पण आज डोकं वाकत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उघड का सांगितलं नाही? कारण एकदा उघड सांगून पाहिलं होतं.

गुरुवार होता. तेरा फेब्रुवारी. बुधवारी दुपारपासून मला कळा येत होत्या. गुरुवारी सकाळी जहाज आलं, वारा नव्हता, समुद्र सपाट होता. मी तुमचा हात धरून म्हणाले की आई, मला जहाजावर न्या, माझं काहीतरी चुकतंय, बाळ खाली येत नाही. आठवतं? तुम्ही हात सोडवून घेतलात. तुम्ही म्हणालात की या घरातून बाळंतीण पिरियसला गेली तर उद्या माझ्या दारात कोण येईल? म्हणालात, संध्याकाळपर्यंत होईल. जहाजाने दोनदा भोंगा दिला. तो मी ऐकला. भोंगा ऐकून तुम्ही उठलात आणि खिडकी लावून घेतलीत. ती खिडकी लावलेली मला अजून दिसते. माल कमी होता तरी त्या दिवशी जहाज तासभर थांबलं होतं, सासूबाई. तासभर! मी मोजत होते.

मग शुक्रवारची पहाट. तुम्ही म्हणालात मेलेलं आलं, बघू नकोस, बघितलंस तर दूध आटणार नाही आणि झोप लागणार नाही. मी बघितलं नाही. मला बघायचं होतं. मी एकोणीस वर्षांची होते, तुम्ही सांगाल ते ऐकत होते. दूध आलंच आणि झोप गेलीच. तुम्ही त्याला फडक्यात गुंडाळून नेलंत आणि बाप्तिस्मा नाही म्हणून कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलंत. मृतात्म्यांच्या शनिवारी सगळ्या बायका आपापल्या माणसांची नावं कागदावर लिहून पाद्रीबाबांना देतात. मी माझ्या बाबांचं नाव देते आणि परत येते. त्याचं नाव काय देऊ? मेणबत्ती लावते आणि मनात काय म्हणू ते कळत नाही. मुला, म्हणते. नुसतं मुला.

आणि तुम्ही सगळ्या गावाला सांगता, दोनशे अकरा. त्या दोनशे अकरांत माझा धरलात की नाही? एवढं एक मला कळवा.

तुम्ही मला चादर दिलीत, प्रेम केलंत, हे खोटं नाही. म्हणूनच राग जास्त आहे. परक्या बाईवर एवढा राग आला नसता.

मी येणार नाही. हे मूल डॉक्टर सुरीने काढो नाहीतर कोयत्याने काढो, मला ते रडलेलं ऐकायचं आहे.

लोभ ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.
अँथी


पिरियस
ता. ५ डिसेंबर १९६६

ती. आईस,

शि. सा. न. महिना होऊन गेला, तुझं एक अक्षर नाही. पोस्टमन मला बघून लांबूनच मान हलवतो. रागावलीस म्हणावं तर रागावल्यावर तू जास्तच लिहितेस. मग झालंय काय? तब्येत बरी आहे ना?

बातमी दे म्हणून तू विचारणार नाहीस, तरी देते. परवाच्या शुक्रवारी, दोन तारखेला, अँथीला मुलगा झाला. पोट कापून. बाळ शेवटपर्यंत वळलं नाही. पण काय रडला गं आई! दोन दालनं पलीकडे बसलेल्या ह्यांना ऐकू गेलं. ह्यांनी तिथेच टोपी काढली. तीन किलो शंभर. कपाळ बाबांचं आहे, डोळे अजून कुणाचे नाहीत.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की या बाईच्या हाडातून मूल सुखरूप येणं कठीण, घरी कुणाच्याही हातून हे झालं नसतं. मला वाटलं, हे तुला लिहिलं की तुला बरं वाटेल. मग अँथीने ते भोंग्याचं मला सांगितलं आणि मला कळेना की बरं वाटावं की काय वाटावं. आई, तू खिडकी लावलीस? खरंच? मी तुझी मुलगी आहे, मी तुझ्या बाजूने भांडायला नेहमी पहिली. पण यात मला तुझी बाजूच सापडत नाही. मी दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले की मी तुझा फोटो कपाटात उलटा ठेवला. मग परत सुलटा केला, कारण ह्यांनी विचारलं.

काल नोंदीला बाई आली. तिने लिहिलं, पहिलं मूल. अँथी टाके विसरून उठून बसली आणि म्हणाली की पहिलं नाही, दुसरं आहे, तसं लिहा. त्या बाईने सहज विचारलं की पहिल्याचं नाव काय? अँथी म्हणाली, नाही. आणि जी रडायला लागली ती जेवणाची वेळ टळून गेली तरी थांबेना. बाळही रडतंय, तीही रडतेय. मी कुणाला घेऊ?

बाळाचं नाव लोरेंत्सोसच ठेवायचं म्हणते. रीत आहे ती आहे, त्यात सासऱ्यांचा काय दोष, असं तिचं म्हणणं. तुझ्याहून ती शहाणी आहे, हे मी रागात लिहीत नाही.

लिही. शिव्या दे हवं तर, पण लिही.
तुझी,
एवगेनिया


होरा
ता. १९ डिसेंबर १९६६

चि. सौ. अँथी हिस,

आशीर्वाद देण्याचा मला हक्क आहे की नाही ते पत्र संपल्यावर तू ठरव.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते चुलीत घालणार होते. नाही घातलं. मग महिनाभर उत्तर लिहायला बसले आणि प्रत्येक वेळी तुलाच दोष देणारं पत्र झालं. ती सगळी चुलीत घातली. मला चूक कबूल करायची सवय नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तशी मी. परवा एवगेनियाचं पत्र आलं, त्या बाईने नाव विचारल्याचं. ते वाचून मी ओट्यावर बसले.

तू विचारलंस, दोनशे अकरांत तुझा धरला की नाही. धरला आहे. मी मेलेली मुलं धरत नाही, अँथी. जे रडतं तेच धरते.

तो रडला होता.

मोठ्याने नाही, पण रडला. तू शुद्धीत नव्हतीस. तुझं रक्त थांबत नव्हतं, एक हात तुझ्या पोटावर दाबून मी दुसऱ्या हातात त्याला धरला होता. कॉफी उकळायला लागते तेवढा वेळ होता तो. मला बघितल्याबरोबर कळलं की हा राहायचा नाही. पाद्रीबाबांना बोलवायला माणूस नव्हता आणि वेळ नव्हता. अशा वेळी दाईने बाळ तीनदा हवेत वर उचलून नाव घेतलं की तो बाप्तिस्मा देवाला चालतो, हे मला माझ्या आईने शिकवलं. मी उचललं. तीनदा. नाव लोरेंत्सोस घ्यायला हवं होतं, आमच्या घरचं. पण रात्रभर तू कळांमध्ये तुझ्या बाबांना हाका मारत होतीस, माझ्या तोंडून त्यांचंच नाव आलं. पांतेलिस. तुझ्या मुलाचं नाव पांतेलिस आहे. नाव घेतल्यावर त्याने एकदा जांभई दिल्यासारखं केलं आणि संपला.

मग तुला मेलेलं आलं असं का सांगितलं? कारण जिवंत आला म्हटलं की लोक विचारणार, मग गेला कसा? आणि मग जहाजाचं निघालं असतं. गावाने तो भोंगा ऐकला होता. मी घाबरले. सत्तेचाळीस वर्षांचं नाव मला त्या पोराहून मोठं वाटलं. हे लिहिताना माझा मलाच इतका राग येतो की लेखणी मोडावीशी वाटते. पाद्रीबाबांनाही मी खोटंच सांगितलं. नाव असलेलं बाळ मी बिननावाचं म्हणून भिंतीबाहेर घातलं. चोर परवडला.

काल रविवारी प्रार्थना संपल्यावर मी पाद्रीबाबांना सगळं सांगितलं, दारातच, बायका बाहेर पडत असताना. मिकेसची आई ऐकत होती, म्हणजे आतापर्यंत बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं असेल. पोचू दे. आज सकाळी कुंभाराच्या सुनेला मी स्वतः बंदरावर नेऊन जहाजात चढवलं. ती पहिलटकरीण, आठवा लागलाय. मिकेस दात काढायला गेला तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

पाद्रीबाबा म्हणतात, बाप्तिस्मा झाला आहे तर पोर भिंतीच्या आत आणायला हवं. सात जानेवारीच्या शनिवारी कबर खणणाऱ्याला बोलावलं आहे. तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी जागा आहे. लाकडी पेटी सुताराला सांगितली. वर नाव लिहून घेते. तू टाक्यांची काळजी घे, वाकू नकोस, दूध कमी पडलं तर बार्लीचं पाणी पी.

माफी मागायची म्हणून हे लिहिलं नाही. माफ करू नकोस. मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं.

काल्लिरोई


पिरियस
ता. २६ डिसेंबर १९६६

सासूबाई,

हे पत्र पोस्टाने नाही, जहाजावरच्या खलाशाच्या हातात दिलं आहे, कारण सात तारखेच्या आत ते तुम्हाला मिळालंच पाहिजे.

परत तेच. परत तुम्हीच ठरवलंत, तुम्हीच माणूस बोलावलात, पेटी सांगितलीत, जागा नक्की केलीत. मला विचारलंत? त्याला आणताना मला विचारलं नाही, पुरताना विचारलं नाही, आता काढतानाही नाही! तुमच्या या हातांना थोडा वेळ गप्प बसता येत नाही का?

तुमचं पत्र मी एवगेनियाला मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि नावापाशी थांबले. मग ते नाव मी मोठ्याने म्हटलं. पांतेलिस. बाळ दचकलं. काल नाताळाला एवगेनियाच्या हाती चर्चसाठी कागदावर नाव लिहून दिलं. यासाठी तुमचे आभार मानू की तुमचं तोंड बघू नये, ते मला ठरवता येत नाही, आणि ठरेपर्यंत मी वाट बघणार नाही. अडीच वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी मी तुमच्यासमोर नाव नसलेली मेणबत्ती लावत होते आणि तुम्ही काडेपेटी पुढे करत होतात. कसं जमलं तुम्हाला?

माफ केलं नाही. तुम्हीही मागितली नाही, ते बरं केलंत.

अकरा जानेवारीला माझे चाळीस दिवस पुरे होतात. बाळाला चर्चमध्ये नेऊन आणलं की दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या जहाजाने मी निघते. डॉक्टर नको म्हणतात, एवगेनिया नको म्हणते, म्हणू देत. ती सोबत येते आहे, वाटेत लोरेंत्सोसला ती सांभाळेल. वारा असला तर पुढचं जहाज, ते नाही तर त्याच्या पुढचं. तोपर्यंत पाद्रीबाबांना सांगा, सुताराला सांगा, कबर खणणाऱ्याला सांगा, त्या भिंतीबाहेरच्या मातीला कुणी फावडं लावायचं नाही. तुम्ही तर नाहीच नाही.

तुम्ही त्याला तीनदा उचललंत. मी एकदाही नाही. आता जे काही उरलं असेल, ते मीच उचलणार.

लोभाचं मागाहून बघू.
अँथी